सोनं आणि पायराइट बऱ्याचदा जोडीनेच का सापडतात

मघाशी कुणीतरी विचारलं की सोनं बऱ्याचदा पायराइटसोबतच (म्हणजे लोखंड आणि गंधकाचं ते सोनेरी चमकणारं खनिज) का सापडतं, तर माझं आजचं सगळं बोलणं त्याच प्रश्नाचं उत्तर आहे म्हणून तिथूनच सुरू करतो. कुठलाही साधा खडक घ्या, एका टनात सोनं असतं जेमतेम १ ते ४ मिलिग्रॅम. खाण परवडायची तर टनामागे साधारण ग्रॅमभर तरी पाहिजे. म्हणजे शेकडो-हजारो पटीने ते एका जागी यायला हवं, आणि हे काम करतं जमिनीच्या पोटातलं गरम पाणी, २००-३०० डिग्रीचं, पण वरून दाब इतका की उकळत नाही.

आता तुम्ही म्हणाल सोनं पाण्यात कुठे विरघळतं? नुसत्या पाण्यात नाहीच विरघळत. पण या पाण्यात हायड्रोजन सल्फाइड असतो, सडक्या अंड्यासारखा वास येतो तोच, आणि त्यातल्या गंधकाला धरून सोन्याचा अणू वाहत निघतो. एका वेळी अगदी थोडं जातं हां, पण तेच पाणी हजारो वर्षं एकाच भेगेतून जात राहिलं तर किती होईल बघा. चांदीचं जरा वेगळं, खारट पाण्यातलं क्लोराइडही तिला चांगलं वाहून नेतं.

मग सोनं खाली बसतं कधी? गंधकाचा हात सुटला की. भूकंपाने भेग एकदम उघडते, दाब पडतो, पाणी उकळतं, हायड्रोजन सल्फाइड वाफेबरोबर निघून जातो आणि सोनं तिथेच राहतं. दुसरी रीत मला जास्त सुंदर वाटते: पाणी लोखंडवाल्या खडकात शिरतं, तिथलं लोखंड गंधक ओढून घेतं, दोघांचं मिळून पायराइट तयार होतं आणि आधार गेलेलं सोनं त्याच पायराइटवर किंवा त्याच्या आत बसतं. म्हणून ही जोडी, योगायोग अजिबात नाही.

त्यात आर्सेनिक असेल तर अजूनच. पायराइटमध्ये गंधकाच्या काही जागा आर्सेनिकने घेतल्या की स्फटिकाची जाळी, म्हणजे अणूंची ठरलेली मांडणी, बिघडते आणि सोन्याचे अणू सुटे सुटे तिच्यात अडकतात. अमेरिकेत नेवाडामध्ये १९६१ साली कार्लिनचा साठा सापडला, तिथलं सोनं इतकं बारीक की साध्या मायक्रोस्कोपखालीही दिसत नाही, मग नदीची वाळू धुऊन सोनं शोधणाऱ्यांना ते कुठून दिसणार! (गॅलेना या शिसं-गंधकाच्या खनिजात चांदीही अशीच लपते, शिशाच्या दोन अणूंच्या जागी एक चांदीचा आणि एक अँटिमनी या मूलद्रव्याचा, म्हणजे विद्युतभाराचा हिशोब बरोबर जुळतो.)

असं जाळीत अडकलेलं सोनं काढणं अवघड, खाणीत सोनं विरघळवायला वापरतात ते सायनाइड तिथपर्यंत पोचतच नाही. आधी पायराइट फोडावं लागतं, भट्टीत भाजून, नाहीतर ऑक्सिजनच्या दाबाखाली, नाहीतर लोखंड आणि गंधकावर जगणारे बॅक्टेरिया असलेल्या टाक्यांमध्ये काही दिवस ठेवून, आणि मगच सायनाइड.