दार नेमकं कुठे अडतंय?

[जांभळी नाका, ठाणे. हार्डवेअरचं दुकान. बाहेर पाऊस.]

“ते दाराचं ते द्या ना. लोखंडी. वरचं.”

दुकानदाराला याची सवय आहे. दार आत उघडतं की बाहेर? बाहेर उभं राहिलं की बिजागऱ्या डाव्या हाताला येतात की उजव्या? मोबाइलवरचा फोटो दाखवून भागत नाही. तो आतून काढलाय की बाहेरून, इथूनच वाद सुरू होतो.

[चेंदणीतलं जुनं घर. कॅमेरा खालून वर सरकतो.]

पायाशी उंबरठा. त्याच्या दोन टोकांना उभ्या बाह्या, त्यांच्या डोक्यावर आडवी कपाळपट्टी. या चौघांची मिळून चौकट. कपाळपट्टीवर गणपती कोरला असेल तर ती गणेशपट्टी. चौकटीत दोन झडपा. झडपेवर लोंबते ती कडी, ती ज्यावर चढते तो कोयंडा, आणि कुलूप लागतं ते कोयंड्यात. आतून भिंतीच्या खोबणीतून ओढून घ्यायचा तो अडसर. बिजागरी शोधू नका. झडपेच्याच लाकडाचे खुंट वर-खाली खाचांत फिरतात, म्हणून तर हे दार एवढं कुरकुरतं.

[घोडबंदर रोड. टॉवरमधला फ्लॅट.]

इथे झडप एकच. सुतार तिला पल्ला म्हणतो, बिल्डर शटर. कडी-कोयंड्याच्या जागी अल्ड्रॉप (बाहेरून कुलूप घालायची सरकती कडी), टॉवर बोल्ट (आतला सरळ खिटका), नाइट लॅच (दार ओढलं की आपोआप लागणारं कुलूप). बाहेर जाळीचं सेफ्टी डोअर. उंबरठा बहुतेक ग्रॅनाइटच्या पट्टीपुरता.

आता जुलै आहे आणि दार लागत नाही. सुताराला फोन केला की तो एवढंच विचारतो, “घासतंय कुठे?”

या प्रश्नाचं उत्तर नीट द्यावं. लॅचच्या बाजूची कड वरपासून खालपर्यंत घासत असेल तर लाकूड फुगलंय. लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळपास नाहीच. अशा वेळी लगेच रंधा मारू देऊ नका. हिवाळ्यात लाकूड आकसलं की तिथेच फट दिसेल. पावसाळा सरल्यावर पल्ला उतरवून वरची आणि खालची कड रंगवून घ्या. रंगारी तिथे ब्रश फिरवतच नाहीत आणि ओल तिथूनच शिरते.

पण लॅचकडचा फक्त वरचा कोपरा चौकटीला घासत असेल, किंवा त्याच बाजूचा खालचा कोपरा फरशीला लागत असेल, तर दार ‘बसलंय’, म्हणजे लॅचकडे झुकलंय. दुखणं समोरच्या बाजूला, वरच्या बिजागरीत. तिचे स्क्रू ढिले झालेत. लॅचची जीभ चौकटीतल्या तिच्या भोकाच्या जरा खाली आपटत असेल तर खात्रीच धरा.

[सुताराचे हात. जवळून.]

बिजागरीचा ढिला स्क्रू काढून त्याच्या भोकात फेव्हिकॉल लावलेल्या लाकडी काड्या ठोकायच्या, वाळल्या की कापून सपाट करायच्या आणि स्क्रू पुन्हा आवळायचा. तरी धरला नाही तर लांब स्क्रू. दुकानात मागताना जुना एक खिशात घालून न्या.