ठरलेल्या मापाचा व्यायाम

श्रोतेहो, नमस्कार.

लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयातून घरी सोडताना जो कागद हाती मिळतो, त्यावर आहार, पाणी आणि गोळ्या यांविषयी बारीकसारीक सूचना असतात. व्यायामाच्या जागी मात्र बहुधा एकच ओळ असते, ती म्हणजे रोज चालावे आणि हळूहळू वेळ वाढवावा. पुष्कळांना ती ओळ पुरते. मला ती पुरली नाही, कारण दीड वर्षाची असताना झालेल्या पोलिओमुळे माझा उजवा पाय मांडीपासून दुर्बळ आहे, मी कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणारा पट्ट्यांचा साचा, लावते, घराबाहेर कुबडी घेते, आणि गेली पंधरा वर्षे माझी कंबर आणि सगळा भार सोसणारा डावा गुडघा दुखत आहेत. ज्यांना चालणे शक्य नाही किंवा चालले की दुखते, ज्यांच्या शरीरात संधिवात, पक्षाघात, मणक्याची दुखापत किंवा वर्षानुवर्षांचे दुखणे मुक्कामाला आहे आणि ज्यांनी ही शस्त्रक्रिया करून घेतली आहे, अशा श्रोत्यांशी मला आज बोलायचे आहे.

आपल्याला व्यायाम कशासाठी हवा, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. वजन उतरवण्यासाठी, असे उत्तर आपण पटकन देतो, पण पहिल्या काही महिन्यांत वजन व्यायामावाचूनही उतरते. स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे 75 ते 80 टक्के भाग काढून टाकतात आणि बायपासमध्ये जठराची लहानशी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात. खाणे इतके कमी होते की शरीराला साठ्यातून खर्च करावाच लागतो. अडचण अशी की तो खर्च केवळ चरबीतून होत नाही, स्नायूही झिजतात. दोन्ही पायांवर चालणाऱ्या माणसाचा स्नायू थोडा घटला तर त्याला जिना चढताना धाप लागेल. जो माणूस दोन्ही हातांवर शरीर तोलून पलंगावरून चाकाच्या खुर्चीत येतो, त्याच्या दंडातले आणि खांद्यातले बळ घटले तर शौचालयापर्यंत जाण्याचे त्याचे स्वातंत्र्यच जाते. म्हणून आपल्या व्यायामाचा हेतू उरलेला स्नायू राखणे हा आहे, आणि त्याला अन्नाची जोड नसेल तर तो साधत नाही. दिवसाला निदान 60 ग्रॅम प्रथिने पोटात जावीत असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. एका अंड्यातून साधारण 6 ग्रॅम मिळतात, यावरून लहान झालेल्या पोटाला ते किती जड जाते याची कल्पना येईल. मूत्रपिंडाचा विकार असेल तर हा आकडा डॉक्टरांनीच ठरवावा.

आता दुखण्याविषयी. गुडघ्याच्या बाबतीत एक दिलासा देणारी गोष्ट अभ्यासांतून पुढे आली आहे. वजन एक किलोने घटले, तर चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने हलका होतो. माझे वजन तीस किलोने उतरल्यावर मला गुडघ्यात हा फरक स्पष्ट जाणवला. कंबर मात्र तशीच ठणकत राहिली. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेले दुखणे केवळ भारावर अवलंबून नसते, कारण दुखण्याची वर्दी देणारी मज्जासंस्थाच इतकी सावध होऊन बसलेली असते की किरकोळ हालचालीलाही ती धोक्याची घंटा वाजवते. म्हणून “एवढे वजन उतरले, मग अजून कसे दुखते?” हा प्रश्न नातेवाइकांनी कृपा करून विचारू नये. आजारी माणसाच्या मनात तो आधीच असतो, आणि त्यातून आपणच काहीतरी कमी पडलो असे त्याला वाटू लागते.

माझ्या हातून झालेली चूक सांगते, कारण ती अनेकांच्या हातून होते. शस्त्रक्रियेला चार महिने झाले होते, एका सकाळी अंग हलके वाटत होते आणि कंबरेची कळही नव्हती. त्या आनंदात मी इमारतीच्या आवारात सहा फेऱ्या मारल्या. दुसऱ्या दिवशी उठता येईना आणि पुढचे तीन दिवस अंथरुणावर गेले. मग भीतीने आठवडाभर मी काहीच केले नाही, पुन्हा एक चांगला दिवस उगवला आणि पुन्हा तेच घडले. दोन महिन्यांत मी आधीपेक्षा अशक्त झाले.

त्यानंतर ज्या फिजिओथेरपिस्ट ताई मला भेटल्या, त्यांनी व्यायाम शिकवण्याआधी एक वही आणायला सांगितली. हात असलेल्या भक्कम खुर्चीतून हातांचा आधार घेऊन उभे राहायचे आणि परत बसायचे, एवढीच क्रिया त्यांनी तीन वेगवेगळ्या दिवशी मोजायला लावली. चांगल्या दिवशी नऊ वेळा जमले, मधल्या दिवशी सहा वेळा आणि वाईट दिवशी तीन वेळा. सरासरी सहा आली. ताईंनी त्याहूनही खाली येऊन चार हा आकडा वहीत लिहिला आणि सांगितले की रोज चारच, बरे वाटले म्हणून पाच नाहीत आणि नेहमीचे दुखते आहे म्हणून दोन नाहीत. मला तो आकडा अपमानकारक वाटला होता, हे मान्य करते. पण आठवड्याने चाराचे पाच झाले, आणखी दहा दिवसांनी सहा झाले, आणि अंथरुणावर पडण्याचे दिवस बंद झाले. दुखण्याला आणि उत्साहाला विचारून व्यायाम ठरवायचा नाही, तो वहीला विचारून ठरवायचा, हीच गोष्ट मला आज सर्वांत कळकळीने सांगायची आहे.

माप जास्त झाले की नाही, हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळते. व्यायाम करताना दुखणे थोडे वाढले आणि दुसऱ्या सकाळपर्यंत नेहमीच्या पातळीवर आले, तर माप बरोबर आहे. सकाळीही वाढलेलेच राहिले, तर पुढच्या वेळी एक पायरी खाली यावे. सांधा नव्याने सुजला, पायात नवी अशक्तपणाची जाणीव झाली, छातीत दुखले किंवा पोटरी एका बाजूची सुजून दुखू लागली, तर मात्र वही बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचे असते. शस्त्रक्रियेनंतरच्या आठवड्यांत पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो आणि कमी हालचाल करणाऱ्यांना तो अधिक असतो, म्हणून पलंगावर पडल्यापडल्या घोटे वरखाली हलवणे हाही पहिल्या दिवसापासूनचा व्यायामच आहे.

खुर्चीत बसून पुष्कळ काही करता येते. बसल्या जागी एकेक गुडघा वर उचलणे, ज्या पायात ताकद आहे तो समोर सरळ करून पाच अंक मोजेपर्यंत धरणे, अर्धा लिटर पाण्याची भरलेली बाटली म्हणजे अर्ध्या किलोचे वजन समजून ती हातात घेऊन कोपर वाकवणे, हे सगळे स्वयंपाकघरातही होते. प्लॅस्टिकची सरकणारी खुर्ची घेऊ नये आणि खुर्चीची पाठ भिंतीला टेकलेली असावी. जोर लावताना श्वास कोंडून धरू नये. बोलता येते पण गाता येत नाही, इतपत दम लागला की दमश्वासाच्या व्यायामाची मध्यम पातळी गाठली असे समजावे. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये शारीरिक हालचालींविषयी ज्या शिफारशी प्रसिद्ध केल्या, त्यांत अपंग व्यक्तींसाठी प्रथमच स्वतंत्र विचार केला आहे. आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम व्यायाम आणि निदान दोन दिवस स्नायूंच्या बळाचा व्यायाम, हे उद्दिष्ट तेथेही आहे, पण तेवढे जमत नसेल तर जमेल तेवढे करावे, कारण थोडी हालचालही काहीच न करण्यापेक्षा हिताची आहे, असेही त्यात म्हटले आहे. आरंभी पाच मिनिटे सकाळी आणि पाच मिनिटे संध्याकाळी, इतकेच करणाऱ्याने कमीपणा मानू नये.

चाकाची खुर्ची किंवा कुबडी वापरणाऱ्यांच्या खांद्यांकडे विशेष लक्ष द्यावे लागते. दिवसभर ढकलण्याचे काम करून छातीकडचे स्नायू आखडतात आणि पाठीकडचे मागे पडतात, म्हणून अशांना ढकलण्यापेक्षा ओढण्याचा व्यायाम जास्त हवा. व्यायामाची रबरी पट्टी खिडकीच्या गजाला बांधून, दोन्ही हातांनी ती आपल्याकडे ओढत खांद्याची पाती एकमेकींजवळ आणणे, हा माझ्या वहीतला सर्वांत जुना आणि सर्वांत उपयोगी ठरलेला व्यायाम आहे.

पोलिओ झालेल्यांसाठी थोडे वेगळे सांगावे लागेल. भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये आढळला आणि मार्च 2014 मध्ये भारतासह जागतिक आरोग्य संघटनेच्या आग्नेय आशिया विभागाला पोलिओमुक्त म्हणून प्रमाणपत्र मिळाले, पण त्याआधीच्या साथींतून वाचलेली आमची पिढी आज पन्नाशी-साठीत आहे. लहानपणी ज्या चेतापेशी वाचल्या, त्यांनी नव्या शाखा काढून मेलेल्या पेशींच्या स्नायूतंतूंचेही काम अंगावर घेतले. कित्येक दशके दुप्पट-तिप्पट काम केल्यावर त्या थकू लागतात आणि नवा अशक्तपणा, नवे दुखणे, न संपणारा थकवा जाणवतो. अशा स्नायूला थकेपर्यंत राबवले तर बळ वाढण्याऐवजी घटू शकते. “दमल्याशिवाय फळ नाही” असे मला एका व्यायामशाळेत सांगितले गेले. ते सांगणाऱ्याचा हेतू चांगला होता, पण माझ्या उजव्या पायासाठी तो सल्ला चुकीचा होता, आणि हे ठामपणे सांगायला मी शिकायला हवे होते.

पाण्यातला व्यायाम दुखऱ्या सांध्यांना फार मानवतो. छातीइतक्या पाण्यात उभे राहिले तर पायांवर शरीराच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही कमी उरतो. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले, उपचाराचा भाग म्हणून पोहू लागले, आणि 1972 मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी जलतरणाचे सुवर्णपदक मिळवले. पदकाची गोष्ट मी मुद्दाम दुय्यम ठेवते, कारण मला त्यातले पाणी महत्त्वाचे वाटते. आमच्या भागातल्या तलावात उतरायला उभी लोखंडी शिडी आहे आणि कॅलिपर काढून ठेवल्यावर तिथपर्यंत पोहोचायला कठडाही नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा 2016 मध्ये झाला, त्यात सुगम्यतेची तरतूद आहे, तरीही उताराची एक पायवाट आणि एक कठडा यांसाठी अर्ज करत राहावे लागते, याचे मला दुःख होते. मी अर्ज करत राहिले आहे. जखमा पूर्ण भरल्याचे शल्यचिकित्सकांनी सांगितल्याशिवाय मात्र कोणीही पाण्यात उतरू नये.

गोळ्यांविषयी काळजीपूर्वक ऐकावे. दुखले की औषधाच्या दुकानातून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक आणून घेण्याची आपल्याकडे सवय आहे. बायपास झालेल्या व्यक्तीच्या जोडावर या गोळ्यांनी व्रण पडून रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून त्या टाळायला सांगतात. स्लीव्ह झालेल्यांनीही त्या मनाने घेऊ नयेत. व्यायामानंतरच्या ठणक्यासाठी काय चालेल, हे आधीच विचारून कागदावर लिहून घ्यावे. मधुमेह किंवा रक्तदाब यांची औषधे पूर्वीच्याच मात्रेत चालू असतील आणि वजन झपाट्याने उतरत असेल, तर उभे राहताच अंधारी येऊ शकते किंवा साखर घसरून घाम फुटू शकतो. कुबडीवर उभ्या असलेल्या माणसाला ती अंधारी महागात पडते. पाणी एका दमात पिता येत नसल्याने व्यायामाआधीपासूनच घोटाघोटाने पीत राहावे लागते.

हातापायांना नव्याने मुंग्या येणे, तळवे जळजळणे किंवा तोल जाणे हे जुन्या दुखण्याच्या खात्यावर टाकू नये. ब 12 किंवा ब 1 जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते, आणि सतत उलट्या होत असतील तर तिथे एक दिवसही थांबू नये. पायावर पाय टाकून बसण्याची सवयही सोडावी. चरबीचे आवरण कमी झाल्यावर गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूचा मज्जातंतू दाबला जातो आणि पाऊल लुळे पडल्याची उदाहरणे आहेत.

शस्त्रक्रिया अजून व्हायची असेल, तर एक प्रश्न आधीच विचारावा. पहिले चार ते सहा आठवडे जड वजन उचलू नये, असे सर्वांना सांगतात. पण जो माणूस हातांच्या बळावर स्वतःचे शरीरच उचलून इकडून तिकडे नेतो, त्याने काय करायचे? घसरपट्टीसारखी फळी वापरायची, की मदतनीस ठेवायचा, हे टाके पडण्याआधी ठरलेले असावे.

आणि साधनांची मापे वजनाबरोबर बदलतात, हे रुग्णालयात क्वचितच कोणी सांगते. माझे कॅलिपर पाचव्या महिन्यात इतके सैल झाले की मांडीचा पट्टा घासून जखम झाली. कृत्रिम पायाची खोबणी सैल पडते. चाकाची खुर्ची रुंद वाटू लागते, आणि बैठकीच्या हाडांवरची गादी घटल्यामुळे पूर्वी चालत असलेल्या उशीवरही दाबाचे व्रण होतात. ज्यांना तेथे संवेदना नाही, त्यांनी रोज आरशाने किंवा घरच्या माणसाकडून ती जागा पाहून घ्यावी. मुंबईत हाजी अली येथे 1955 पासून अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे, आणि मोठ्या सरकारी रुग्णालयांत अशी साधने दुरुस्त करून देणारे विभाग असतात. दर दहा-बारा किलो वजन उतरल्यावर तेथे एकदा जाऊन यावे. जाताना कॅलिपर, उशी आणि व्यायामाची वही, तिन्ही बरोबर न्यावीत.

नमस्कार.