पाणी एकटं पाठवू नका

माईक मागपर्यंत येतोय ना? बरं. तर पाठीतलं पाणी, म्हणजे सीएसएफ, मेंदू-मज्जारज्जूभोवती असतं ते, काढायचं म्हटलं की आपल्या सोलापुरात नातेवाईक पहिलं विचारतात, "डॉक्टर, पाय तर जाणार नाहीत ना?" नाही जात ओ. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो, सुई जाते त्याच्या खाली. डोकं दुखू शकतं दोन-चार दिवस, ते खरंय.

एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू-मज्जारज्जूवर उलटते तो आजार. एमएसच्या पेशंटचं पाणी बघायला एकदम स्वच्छ, नळ आल्यावरच्या पहिल्या धारेसारखं नाही. सेल्स, म्हणजे पांढऱ्या पेशी, नॉर्मलला एका मायक्रोलिटरमध्ये ५ पर्यंत, एमएसमध्ये थोड्या वाढतात पण बहुतेक वेळा ५० च्या आतच. साखर नॉर्मल, प्रोटीन जरासं वाढलेलं. प्रोटीन १०० मिलिग्रॅमच्या (डेसिलिटरमागे) वर आणि साखर खाली दिसली की मी एमएस बाजूला ठेवतो आणि आधी टीबी बघा म्हणतो.

खरा खेळ ऑलिगोक्लोनल बँड्सचा, म्हणजे जेलवर उमटणाऱ्या मोजक्या अँटीबॉडींच्या रेघांचा. जेलला करंट दिला की प्रोटीन आपापल्या चार्जप्रमाणे जागा धरतात, मग त्यातलं आयजीजी, म्हणजे एका जातीच्या अँटीबॉडी, तेवढं रंगवायचं. नॉर्मल माणसात आयजीजी असंख्य तऱ्हेचं, त्यामुळं कच्चा रंग फुटल्यासारखा नुसता डाग दिसतो. एमएसमध्ये मोजक्या बी सेल्स, म्हणजे अँटीबॉडी काढणाऱ्या पेशी, मेंदूच्या आत ठाण मांडून तेच ते आयजीजी काढत बसतात, म्हणून चादरीच्या पट्ट्यासारख्या ठळक रेघा. पण शेजारच्या लेनमध्ये त्याच पेशंटचं त्याच वेळचं सीरम, म्हणजे गोठलेल्या रक्तावरचं पाणी, लावायचंच, तेही काही शे पट पातळ करून, म्हणजे दोन्हीकडं आयजीजी सारखं. रेघा पाण्यात आहेत आणि रक्तात नाहीत, तरच त्या आत तयार झाल्या.

मागं एका ठिकाणाहून नुसतं पाणी आलं. सहा-सात सुंदर रेघा! रक्त मागवलं, ते चार दिवसांनी आलं, तोवर घरच्यांना एमएस सांगूनही झालेलं. दोन्ही शेजारी लावलं तर रक्तातही त्याच रेघा, हुबेहूब, म्हणजे रक्तातूनच झिरपलेल्या. पेशंटचे वडील लूमवर काम केलेले, फोटो बघून म्हणाले, "डॉक्टर, दोन्हीकडं डिझाईन सेमच आहे की, मग पाण्याचा काय दोष?" एवढा नेमका प्रश्न मला एमडीच्या व्हायवातही कुणी विचारला नव्हता.

एमएसचं निदान ठरवायच्या २०१७ च्या मॅकडोनाल्ड निकषांपासून या रेघांना वजन आलंय. पहिलाच झटका असला, एमआरआयमध्ये वेगवेगळ्या जागी डाग असले आणि या रेघा सापडल्या तर दुसऱ्या झटक्याची वाट न बघता निदान करता येतं, अर्थात बाकीचे आजार नीट वगळून. उलट रेघा नाहीत म्हणून एमएस नाहीच असंही नाही, आपल्याकडं असे पेशंट युरोपपेक्षा जास्त निघतात.

आणि एक, सेल काउंट इथंच करा, तासाभरात, कारण सेल्स फुटायला लागतात. बँड्सचं सॅम्पल आईसपॅकवर रात्रीच्या गाडीनं पुण्या-मुंबईला गेलं तरी चालतं, आयजीजी चिवट असतं, फक्त डब्यात रक्ताची प्लेन (गोठू न देणारं औषध नसलेली) ट्यूब ठेवलीय का ते झाकण लावायच्या आधी बघा.