टार्टनचे रंग कोणी ठरवले?

स्कॉटलंडमधील फॉलकर्क येथे मातीच्या एका भांड्यात रोमनकालीन चांदीची जवळपास 2000 नाणी मिळाली, आणि त्यांच्यासोबत चौकड्याच्या लोकरी कापडाचा, म्हणजेच टार्टनचा, एक तुकडाही सापडला. तिसऱ्या शतकातील या तुकड्याला रंग दिलेलाच नाही. मेंढीच्या फिकट आणि गडद लोकरीवरच विणकराने त्याची नक्षी साधली आहे.

टार्टनमध्ये उभ्या ताण्यात रंगीत धागे ज्या क्रमाने लावले जातात, त्याच क्रमाने ते आडव्या बाण्यातही येतात आणि दोन रंग एकमेकांना छेदतात तेथे मिश्र छटा उमटते. म्हणूनच अवघ्या सहा रंगांतून 21 छटा मिळतात. हायलँड्समध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ भागात, तपकिरी रंग खडकांवरच्या दगडफुलापासून निघत असे, तर कोचिनील किड्यांचा गर्द लाल परदेशातून येई आणि तो अंगावर असणे ही ऐपतीची खूण होती. मार्टिन मार्टिन यांनी 1703 मध्ये नोंदवले आहे की, प्लेड, म्हणजे अंगाभोवती गुंडाळायचे टार्टनचे वस्त्र, पाहून माणसाचा मुलूख ओळखता येतो. मुलूख, कुळ नव्हे. 1746 च्या कलोडनच्या लढाईत ब्रिटिश राजवटीविरुद्ध बंड करणाऱ्या जॅकोबाइट सैनिकांची ओळख टार्टनवरून नव्हे, तर टोपीवरच्या पांढऱ्या फितीच्या फुलावरून पटत असे.

त्या लढाईत जॅकोबाइटांचा पराभव झाल्यानंतर ब्रिटिश संसदेने पुरुषांच्या हायलँड पोशाखावर बंदी घातली. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने तुरुंगवास होता आणि दुसऱ्याला सात वर्षे काळे पाणी. ही बंदी 1782 पर्यंत टिकली, परंतु तिच्यातून सैन्य वगळलेले होते. ज्या सरकारने टार्टन गुन्हा ठरवले, त्याच सरकारच्या ‘ब्लॅक वॉच’ पलटणीने निळ्या, हिरव्या आणि काळ्या रंगांचे टार्टन मिरवले. अशाच हायलँडर पलटणी 1803 मध्ये असईच्या रणांगणावर मराठ्यांसमोर उभ्या ठाकल्या होत्या.

कुळागणिक टार्टन ही कल्पना रुजली ती मुख्यतः यानंतर, आणि तिच्यात बॅनकबर्नच्या विल्सन कापड व्यवसायाचा वाटा कुळप्रमुखांपेक्षा कमी नव्हता. विल्सन यांचे काही नमुने आधी नुसत्या क्रमांकाने विकले जात आणि पुढे त्यांना कुळांची नावे मिळाली. लंडनच्या हायलँड सोसायटीने 1815 मध्ये कुळप्रमुखांकडे त्यांच्या टार्टनचे नमुने मागितले, तेव्हा आपले टार्टन कोणते, हे कित्येकांना सांगता येईना. 1822 मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला. कादंबरीकार वॉल्टर स्कॉट यांनी आखलेल्या त्या समारंभात राजाने स्वतः टार्टन परिधान केले आणि मागणी एवढी वाढली की विणकरांना पुरवठा जमेना.

आज स्कॉटलंडमध्ये टार्टनची सरकारी नोंदवही आहे. 2009 पासून तीत कुळांबरोबरच संस्था आणि कंपन्यांचीही टार्टन नोंदली जातात, आणि कोणत्या रंगाचा अर्थ काय, हे बहुधा नोंदणी करणाराच लिहून देतो.