टाकीतलं शेवटचं पाणी

नमस्कार, श्रोतेहो.

टँकर म्हटलं की माणदेशातल्या माणसाला उन्हाळा आठवतो. वेशीपाशी हंड्या-घागरींची रांग आणि नळी आधी कोण धरणार यावरून जुंपलेली भांडणं. मी त्याच मुलखातला. गेली काही वर्षं मात्र ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात राहतो, आणि इथं टँकर म्हणजे वणव्यावर जाणारी गाडी. गावच्या अग्निशमन पथकात मी स्वयंसेवक आहे. पथकात शेतकरी आहेत, शाळामास्तर आहेत, एक नळकाम करणारा आहे आणि माझ्यासारखा एक इंजिनियर. नवी गाडी येणार अशी कुणकुण लागली की आमच्या पथकात आठवडाभर दुसरा विषय नसतो. बैल विकत घेताना चार जण दात बघतात ना, तसंच.

तर आज या गाडीबद्दल बोलतो.

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. हे शाळेत पाठ केलेलं असतं, पण त्याचा अर्थ कच्च्या रस्त्यावर, चढाला लागल्यावर कळतो. इथल्या मोठ्या टँकरमध्ये ३,००० ते ४,००० लिटर पाणी असतं, म्हणजे चासीच्या वर तीन-चार टन. तेही स्थिर वजन नाही, हलणारं. वळणावर पाणी एका बाजूला धावतं आणि गाडीला सोबत ओढतं. टाकी काठोकाठ भरलेली असेल तर पाण्याला धावायला जागा नसते. खरी भीती अर्ध्या टाकीची. म्हणून टाकीच्या आत भोकं पाडलेले पत्र्याचे आडपडदे बसवतात. तरीही डोंगरउतारावर अर्धी टाकी घेऊन जाताना चालकाच्या कपाळावरचा घाम आगीचाच असतो असं नाही.

आणि एवढं पाणी पुरतं किती? मिनिटाला १०० लिटर सोडले तर ३,००० लिटर अर्ध्या तासात संपतात. पण ते सगळं सोडायचंच नाही. का, ते सांगतो.

२ डिसेंबर १९९८. व्हिक्टोरियातलं लिंटन नावाचं गाव. आगीच्या कडेनं काम करणारे दोन टँकर पुन्हा पाणी भरायला निघाले होते, तेवढ्यात वारा फिरला. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण भागात उन्हाळ्यात असं पुष्कळदा होतं. दिवसभर उत्तरेकडून भट्टीसारखा वारा वाहतो आणि मग एकाएकी नैर्ऋत्येकडून वारा सुटतो. ऐकायला गारवा वाटतो, पण वणव्याची गोष्ट उलटी होते. तोवर आग लांबट पट्ट्यासारखी पुढे सरकत असते. तोंड अरुंद आणि कूस मैलोगणती लांब. वारा फिरला की ती सबंध कूसच तोंड बनते आणि आडवी चालून येते. कुशीजवळ, न जळलेल्या झाडीत उभा असलेला टँकर क्षणात तिच्या वाटेत सापडतो. लिंटनला एका टँकरवरचे पाचही स्वयंसेवक गेले. त्याआधी १६ फेब्रुवारी १९८३ ला, ज्याला इथं ॲश वेन्सडे म्हणतात, अप्पर बीकन्सफील्डला दोन टँकरवरचे १२ जण असेच वारा फिरल्यावर गेले होते.

लिंटननंतर एक नियम पक्का झाला. टाकीतलं शेवटचं पाणी आगीचं नाही, गाडीवरच्या माणसांचं. ते राखून ठेवायचं आणि तेवढं उरलं की माघारी फिरायचं. नव्या गाड्यांवर याच पाण्यासाठी वेगळे फवारे असतात: काचांवर, टपावर आणि चाकांवर. चाकांवर कशाला? टायर पेटला की गाडी जागची हलणार नाही. त्याहून फसवी गोष्ट ब्रेकची. ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबानं सुटतात. हवेची नळी वितळली, दाब गेला की स्प्रिंग ब्रेक आपोआप आवळला जातो. रस्त्यावर ती सुरक्षेची सोय आहे. आगीत तोच फास. इंजिन चालू, रस्ता मोकळा, आणि गाडी खुंटीला बांधल्यासारखी. म्हणून आता नळ्यांना आणि तारांना उष्णतारोधक आवरण असतं. न्यू साउथ वेल्स राज्याच्या रूरल फायर सर्व्हिसनं, म्हणजे ग्रामीण अग्निशमन दलानं, सीएसआयआरओ या राष्ट्रीय संशोधन संस्थेच्या साथीनं मोगो इथं गॅसच्या ज्वाळांची भिंत उभी करून त्यात खरा ट्रक ठेवून पाहिला. काय वितळतं आणि कशाच्या आधी वितळतं, हे कागदावर कळत नाही.

आता गोम इथं आहे. आवरण घाला, फवारे घाला, काचांना पडदे घाला, गाडी उलटली तर चेपू नये म्हणून पोलादी सांगाडा घाला. एकेक गोष्ट कुणाच्या तरी मरणातून आलेली, त्यामुळे नको कोण म्हणणार? पण प्रत्येकीचं वजन आहे. वजन वाढलं की एक तर पाणी कमी करा, नाही तर मोठी चासी घ्या. मोठी चासी घेतली की शेतातल्या फाटकातून ती जात नाही, लाकडी पुलावर जायला कचरते, आणि ती चालवायला ट्रकचा परवाना लागतो. दुपारी दोन वाजता गावात परवाना असलेला माणूस कोण? बहुतेक शहरात कामावर. जगातली सर्वांत सुरक्षित गाडी मग शेडमध्येच सुरक्षित राहते.

म्हणून मला विचाराल तर माझा जीव छोट्या गाडीवर. शेतकऱ्याची पिकअप, जिला इथं यूट म्हणतात, तिच्या हौद्यात ४०० लिटरची टाकी, एक छोटा पंप आणि गुंडाळीवर नळी. साध्या कारच्या परवान्यावर चालते. गवताला लागलेली आग पहिल्या दहा मिनिटांत गाठली तर ४०० लिटरही पुष्कळ होतात. तासाभरानं पोचलं तर ४,००० लिटरही चूळ भरल्यासारखे. आमच्या भागातले शेतकरी लाल गाडी यायच्या आत निम्मं काम उरकून ठेवतात. अर्थात उंच निलगिरीच्या रानात ही यूट नेणं म्हणजे आत्मघात, हेही सांगून ठेवतो.

दुसरा वाद बसायच्या जागेचा. जुन्या टँकरवर दोघं-तिघं मागच्या उघड्या चौथऱ्यावर उभे राहून, गाडी चालू असतानाच पाणी मारायचे. पंपाला वेगळं इंजिन असतं, त्यामुळे चालता चालता फवारणी जमते. नव्या गाड्यांत सगळे बंद केबिनमध्ये, आणि पुढच्या बंपरवरची तोटी आतून कळ फिरवून चालवायची. सुरक्षित आहे, वादच नाही. पण आमच्यातला सत्तरीचा एक म्हातारा म्हणतो, ‘‘वारा फिरलेला मला मानेवर कळायचा. काचेआड मान बहिरी होते.’’ सराव करताना बंपरवरच्या कॅमेऱ्यावर काजळी बसली आणि पडद्यावर नुसता अंधार दिसला, तेव्हा तो काहीच बोलला नाही. फक्त हसला.

आणि एक गंमत. नव्या डिझेल इंजिनांना धुरातली काजळी गाळणारा फिल्टर असतो. तो भरला की साफ होण्यासाठी स्वतःला तापवतो आणि एक्झॉस्ट भलताच गरम होतो. अशी गाडी गुडघाभर वाळल्या गवतात उभी केली तर? आग विझवायला गेलेलाच आग लावायचा. म्हणून चालकाला ते तापणं थांबवायचं बटण कुठं आहे, हे आधी शिकवतात.

गावाकडून फोनवर विचारतात, अशा गाड्या आपल्या सह्याद्रीत का नाहीत? अहो, कड्यावर ट्रक चढणार कुठून? आपल्याकडे उन्हाळ्याआधी काढलेली जाळरेषा, म्हणजे आग अडावी म्हणून गवत-पाला काढून मोकळा केलेला पट्टा, पाला उडवणारा ब्लोअर आणि ओल्या फांद्या, हेच खरं हत्यार. मार्च २०२३ मध्ये गोव्यात म्हादईच्या रानात वणवे लागले, तेव्हा नौदलाच्या हेलिकॉप्टरांना पाणी ओतावं लागलं.

पण आपल्याकडची एक वस्तू मात्र इथल्या टँकरमध्ये आहे. प्रत्येक सीटजवळ लोकरीचं जाड पांघरूण घडी करून ठेवलेलं असतं. लोकर सहजी पेट घेत नाही, वितळून कातडीला चिकटत नाही. सरावात हाक आली की गाडी मोकळ्या जागी, शक्यतो जळून काळ्या झालेल्या जमिनीवर घ्यायची, तोंड आगीकडे, इंजिन आणि पंप चालू, काचा वर, पडदे खाली, फवारे सुरू. मग सगळ्यांनी काचेच्या पातळीखाली वाकून ते पांघरूण डोक्यावरून घ्यायचं आणि ज्वाळांची लाट वरून जाईपर्यंत बसून राहायचं. पहिल्यांदा तो सराव केला तेव्हा अंधारात लोकरीचा वास आला आणि मला आजोबांची घोंगडी आठवली. पावसात मेंढरांमागं जाताना ते अशीच खोळ करून घ्यायचे.

सराव संपवून ठाण्यावर परतलो की चहा नंतर. आधी टाकी भरायची, काठोकाठ.

नमस्कार.