वकीलपत्रावरचा अंगठा

(दृश्य: तालुका न्यायालयाचे आवार, सकाळची वेळ. कडुनिंबाखाली टंकलेखकांची टेबले.)

मराठवाड्यातील एका तालुक्याच्या न्यायालयात कामकाज सुरू व्हायला अजून अर्धा तास आहे. कडुनिंबाच्या सावलीत टंकलेखकांनी टेबले मांडली आहेत, मुद्रांकाच्या खिडकीपाशी रांग लागली आहे आणि बेलीफ हातातल्या समन्सच्या गठ्ठ्यावरची गावांची नावे पाहत मोटारसायकलकडे निघाला आहे. जिन्याखालच्या लहानशा खोलीबाहेर एक निळी पाटी आहे. तिच्यावर ‘तालुका विधी सेवा समिती’, म्हणजे गरजूंना विनामूल्य वकील मिळवून देणारी समिती, असे लिहिले आहे आणि त्याखाली १५१०० हा मदतीचा दूरध्वनी क्रमांक आहे. पाटीखालच्या बाकावर साठीच्या आसपासच्या एक बाई बसल्या आहेत. आवारातील बहुतेक माणसे या पाटीसमोरून रोज जातात. आज ती कोणासाठी आहे हे विचारायला त्या एकट्याच थांबल्या.

(दृश्य: साडीच्या दुकानाची पिशवी. एकेक कागद बाहेर येतो.)

पिशवीतून रेशनकार्ड निघते, पतीच्या मृत्यूचा दाखला निघतो, घडीवर फाटलेला जुना सातबारा निघतो आणि सर्वांत खाली न्यायालयाचे समन्स निघते. हे समन्स बँकेची नोटीस असावी अशा समजुतीने त्यांनी ते धान्याच्या कोठीवर ठेवून दिले होते. टेबलापलीकडे बसलेला तरुण वकील नाही. तो शेजारच्याच गावचा पॅरालीगल स्वयंसेवक, म्हणजे लोकांना कायद्याच्या कामात मदत करणारा प्रशिक्षित माणूस, आहे. २००९ साली राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने आखलेल्या योजनेतून अशी माणसे नेमली जातात. कागद वाचण्याआधी त्याने एकच प्रश्न विचारला, “मावशी, हा कागद कोणत्या वारी हातात आला?” त्यानंतर त्याने भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर बोट ठेवून दिवस मोजले. ते तेवीस भरले.

दिवाणी दाव्यात प्रतिवादीने आपली कैफियत, म्हणजे लेखी म्हणणे, समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत द्यायची असते. सबळ कारण दिल्यास न्यायालय ही मुदत नव्वद दिवसांपर्यंत वाढवू शकते, परंतु जी व्यक्ती हजरच होत नाही तिच्याविरुद्ध दावा एकतर्फा चालतो. या बाईंच्या दिराने त्यांच्याविरुद्ध कायमच्या मनाई हुकमाचा दावा दाखल केला आहे. जमीन आपल्या एकट्याची असून भावजय वहिवाटीस अडथळा आणते, असे त्याचे म्हणणे आहे. तेविसाव्या दिवशी त्यांच्याकडे वकील नव्हता आणि वकिलाला देण्यासाठी पैसेही नव्हते.

(दृश्य: अर्जाचा नमुना, पेन, शाईचा पॅड. जवळून.)

आता अर्ज भरला जात आहे. ज्याला लिहिता येत नाही त्याची माहिती विचारून घेऊन ती अर्जात भरणे आणि भरलेला अर्ज त्याला वाचून दाखवणे हे कार्यालयाचेच काम आहे. नियमच तसा आहे. स्वयंसेवकाने उत्पन्नाचा रकाना मोकळा सोडला, तेव्हा बाईंनी स्वतःहून तलाठ्याचा दाखला आणावा लागेल का, असे विचारले. तो लागणार नव्हता. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या बाराव्या कलमानुसार स्त्री, बालक, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, पूर, दुष्काळ किंवा भूकंपाने ग्रासलेले लोक आणि कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती यांना विनामूल्य वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. उत्पन्न पाहिले जाते ते या गटांत न बसणाऱ्यांचे, आणि महाराष्ट्रात ती मर्यादा वर्षाला ३ लाख रुपये आहे. त्यांच्याबाबतीतही अर्जदाराचे स्वतःचे प्रतिज्ञापत्र पुरेसे मानता येते, असे तेराव्या कलमात लिहिलेले असताना तहसीलच्या खिडकीपासून या बाकापर्यंतच्या फेऱ्यांत लोकांचे आठवडे जातात, याचे कारण एवढेच की हे कलम त्यांना कोणी वाचून दाखवलेले नसते.

शाईच्या पॅडवर अंगठा टेकवण्यापूर्वी बाईंनी तो पदराला पुसला. एक ठसा अर्जावर उमटला. वकीलपत्रावरचा दुसरा ठसा वकिलाचे नाव ठरल्यावर घेतला जाईल. समितीचे अध्यक्ष याच इमारतीतील ज्येष्ठ न्यायाधीश आहेत आणि अर्ज त्यांच्यापुढे जाईल. तो मंजूर झाला की वकिलाच्या फीबरोबर कोर्ट फी, टंकलेखन आणि नकलांचा खर्चही समितीकडे जातो, आणि नेमलेल्या वकिलाने पक्षकाराकडून एक रुपयाही घ्यायचा नसतो.

(दृश्य: मुंबई उच्च न्यायालयाची जुनी छायाचित्रे.)

या अंगठ्यामागे जवळपास शंभर वर्षांचा इतिहास आहे आणि त्याचा बराचसा भाग मुंबईत घडला आहे. १९२४ साली मुंबईत लीगल एड सोसायटी स्थापन झाली. १९४९ साली मुंबई सरकारने गरिबांना कायदेविषयक मदत कशी देता येईल हे तपासण्यासाठी न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पुढे तीस वर्षांनी त्यांचेच चिरंजीव न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी सर्वोच्च न्यायालयात हुसैनारा खातून खटल्याचा निकाल दिला आणि बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षे खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांना वकील देणे ही राज्याची जबाबदारी असल्याचे सांगितले. वडिलांच्या समितीने ज्याची शिफारस केली, ते मुलाच्या निकालाने हक्क म्हणून पुढे आले. एवढा सरळ धागा आपल्या न्यायव्यवस्थेच्या इतिहासात क्वचितच सापडतो. १९७८ च्या होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी कैद्याला निकालाची प्रत विनामूल्य आणि वेळेवर मिळाली पाहिजे, कारण प्रतीशिवाय अपील करता येत नाही, असे ठरवून दिले होते. १९८३ मध्ये पत्रकार शीला बारसे यांच्या एका पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील पोलीस कोठड्यांमधल्या स्त्रियांच्या स्थितीची दखल घेतली आणि अटक होताच जवळच्या विधी साहाय्य समितीला कळवण्याचा आदेश दिला.

गरिबांना विनामूल्य कायदेविषयक मदत देण्यास राज्याला सांगणारे ३९-अ हे कलम संविधानात १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आले, विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ मध्ये झाला, आणि तो प्रत्यक्ष अमलात येण्यासाठी ९ नोव्हेंबर १९९५ उजाडावा लागला.

(दृश्य: वकिलांची खोली. पेन्सिल, दाव्याची प्रत.)

फुकटचा वकील आपल्या बाजूने नीट बोलेल का, ही शंका बाईंनी बोलून दाखवली. ती अगदीच अनाठायी नाही. समितीच्या यादीवरील वकिलांना सरकारकडून मानधन मिळते, पण ते बाजारातील फीच्या तुलनेत इतके तुटपुंजे असते की जम बसलेले वकील या यादीकडे फारसे वळत नाहीत आणि अवघड प्रकरणे अनेकदा नवशिक्यांच्या हाती पडतात. मध्य प्रदेशातील फाशीच्या एका प्रकरणात आरोपीला ज्या दिवशी सरकारी खर्चाने वकील मिळाला त्याच दिवशी दोषारोप निश्चित झाले होते. २०१९ मध्ये ती शिक्षा रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने असे बंधन घातले की, फाशी किंवा जन्मठेप होऊ शकेल अशा खटल्यांत किमान दहा वर्षांचा अनुभव असलेलाच वकील नेमावा आणि त्याला तयारीसाठी निदान सात दिवस द्यावेत. फौजदारी कामासाठी २०२२ पासून जिल्ह्याच्या ठिकाणी पूर्णवेळ बचाव वकिलांची कार्यालये सुरू झाली आहेत. तेथील वकिलांना खासगी वकिली करता येत नाही. दिवाणी कामात तशी सोय नाही.

म्हणून या खोलीतील दृश्य थोडे सावकाश पाहावे. समोर बसलेल्या वकीलबाई गेली वीसहून अधिक वर्षे जिल्ह्याच्या ठिकाणी दिवाणी वकिली करतात. वर्षातून दोन प्रकरणे त्या कोणतेही मानधन न घेता चालवतात आणि त्यासाठी महिन्यातून एकदा या तालुक्याला येतात. अर्ज मंजूर झाल्यावर त्यांनी हे प्रकरण स्वतःहून मागून घेतले. दाव्याची प्रत त्या हातात पेन्सिल धरून वाचत आहेत. तिसऱ्या पानावर वंशावळ आहे. तीत सासऱ्यांचे नाव आहे, त्याखाली दोन मुलगे आहेत, थोरल्याच्या नावापुढे ‘मयत’ असे लिहिले आहे, आणि त्यापुढे काहीच नाही. वकीलबाईंनी त्या मोकळ्या जागेभोवती पेन्सिलने गोल केला. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार विधवा पत्नी ही पतीच्या हिश्श्याची पहिल्या वर्गाची वारस असते. वंशावळीतली ती रिकामी जागा हाच बाईंचा बचाव होता, आणि तो दिसण्यासाठी अशा शेकडो वंशावळी वाचलेले डोळे लागले.

वकिलांच्या व्यवसायाचे नियम भारतीय विधिज्ञ परिषदेने घालून दिले आहेत. आपल्या आर्थिक परिस्थितीच्या मर्यादेत राहून गरीब व पीडितांना विनामूल्य मदत करणे हे वकिलाच्या समाजाप्रति असलेल्या सर्वोच्च कर्तव्यांपैकी एक आहे, असे त्यांत म्हटले आहे. केंद्र सरकारने २०१७ मध्ये ‘न्याय बंधू’ ही योजना आणली. तीत वकील आपले नाव नोंदवतात आणि गरजू पक्षकाराशी त्यांची गाठ घालून दिली जाते. नियम आहे, योजना आहे, पण प्रत्येक तालुक्याच्या बार रूममध्ये वर्षाला दोन प्रकरणे घेणारी अशी चार नावे भिंतीवर लागलेली दिसत नाहीत, आणि आमच्या मते अडचण तिथेच आहे.

(दृश्य: बाकावर पाठमोरा बसलेला पुरुष.)

या माणसाला महिन्याला २६,००० रुपये पगार आहे. वर्षाची बेरीज ३ लाख १२ हजार होते आणि तो मर्यादेच्या बाहेर जातो. त्याचा अर्ज झालाच नाही, त्यामुळे नोंदवहीत त्याचे नावही नाही. अशा माणसाला कायदा वकील देत नाही. तो मिळालाच तर एखाद्या वकिलाच्या स्वेच्छेने मिळेल.

(दृश्य: जिल्हा कारागृहाचे प्रवेशद्वार, बाहेरून.)

देशातील तुरुंगांत २०२२ च्या अखेरीस ५ लाख ७३ हजारांहून अधिक कैदी होते आणि त्यांतील सुमारे तीन चतुर्थांश न्यायाधीन, म्हणजे कच्चे कैदी, होते. जामीन मंजूर होऊनही जामीनदार न मिळाल्याने आतच राहिलेल्यांची माहिती कारागृहाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना द्यावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये दिला. त्याच वर्षी गरीब कैद्यांच्या जामिनासाठी ४० हजार रुपयांपर्यंत मदत देणारी केंद्राची योजनाही आली.

(दृश्य: पुन्हा तालुका न्यायालय. दुपार.)

कैफियत एकोणतिसाव्या दिवशी दाखल झाली आणि तिच्यासोबत हिश्श्याच्या मागणीचा प्रतिदावाही लावला गेला. दिराचा तूर्तातूर्त मनाईचा, म्हणजे दाव्याचा निकाल लागेपर्यंतच्या मनाईचा, अर्ज फेटाळला गेला. मूळ दावा चालू आहे.

बाई आज पुढची तारीख विचारायला आल्या आहेत. कागद हरवतात, म्हणून स्वयंसेवकाने ती त्यांच्या पिशवीवरच, साडीच्या दुकानाच्या नावाखाली, जाड पेनाने मोठ्या अंकांत लिहून दिली. अक्षरे येत नसली तरी अंक त्यांना वाचता येतात. पिशवी हातभर लांब धरून त्यांनी तारीख पाहिली आणि त्या दिवशी मंगळवार आहे, म्हणजे बाजार, म्हणजे सकाळच्या एसटीत उभे राहायलाही जागा नसते, असे सांगितले. स्वयंसेवकाने दिनदर्शिकेचे पान उलटून पाहिले. त्या दिवशी मंगळवारच होता.