एक अधिकारी, चार सैन्यं : जनरल आडोल्फ हॉयझिंगर

नमस्कार श्रोतेहो.

1945 मध्ये जर्मनीनं शरणागती पत्करली आणि तिचं सैन्य मोडीत निघालं. दहा वर्षांनी, 1955 मध्ये, पश्चिम जर्मनीत नवं सैन्य उभं राहू लागलं. बुंडेसवेअर त्याचं नाव. त्याला सेनापती आणायचे कुठून? डिव्हिजन हलवायची कशी, रसद पुरवायची कशी, हे ठाऊक असलेला चाळिशी-पन्नाशीचा अधिकारी म्हणजे हिटलरच्या सैन्यातलाच. दुसरा होताच कुठं? हा पेच कसा सोडवला गेला आणि त्यात काय राहून गेलं, ते आडोल्फ हॉयझिंगर यांच्या कारकिर्दीत फार स्वच्छ दिसतं.

जन्म 1897 चा, गाव होल्झमिंडेन. 1915 मध्ये ते कैसरच्या पायदळात भरती झाले, फ्रान्समधल्या व्हर्दंच्या रणात लढले, 1917 मध्ये फ्लँडर्समध्ये ब्रिटिशांच्या हाती सापडले आणि 1919 च्या अखेरीस सुटले. व्हर्सायच्या तहानं जर्मन सैन्य 1 लाखावर आणलं होतं आणि त्यात अधिकारी फक्त 4 हजार. त्या चार हजारांत हॉयझिंगर यांची निवड झाली. तहानं जनरल स्टाफवरही, म्हणजे मोहिमा आखणाऱ्या अधिकाऱ्यांच्या मंडळावरही, बंदी घातली होती. जर्मनांनी तो ‘ट्रुपेनआम्ट’, म्हणजे सैन्य-कार्यालय, अशी निरुपद्रवी पाटी लावून चालूच ठेवला. हॉयझिंगर तिथंच घडले.

ऑक्टोबर 1940 मध्ये ते भूदलाच्या मुख्यालयातल्या ऑपरेशन्स विभागाचे प्रमुख झाले. या खुर्चीचं काम काय, ते सांगायला हवं. आघाडीवरून सकाळ-संध्याकाळ येणारे अहवाल एकत्र करायचे, नकाशावर प्रत्येक डिव्हिजनची जागा अद्ययावत ठेवायची, राखीव दळ कुठून काढून कुठं पाठवायचं याचा मसुदा वरिष्ठांपुढे ठेवायचा, आणि निर्णय झाला की त्याचा हुकूम लिहून तारायंत्रानं रवाना करायचा. बंदूक हातात धरायची वेळ येत नाही, पण लाखो माणसं कुठं मरणार हे त्या कागदावर ठरतं.

रशियावरच्या स्वारीची आखणी याच विभागातून गेली, आणि ती कुठं फसली तेही त्या आखणीतच दिसतं. द्विना आणि नीपर या नद्यांच्या अलीकडेच लाल सेनेचा मोठा भाग संपवायचा, हा सगळ्या योजनेचा पाया होता. ट्रकनं भरवशाची रसद साधारण 500 किलोमीटरपर्यंतच पोचत होती, पुढं रेल्वे हवी. रशियातले रूळ 1524 मिलिमीटर रुंदीचे, जर्मन रूळ 1435 चे. म्हणजे मैलोन्‌मैल रूळ सरकवून ठोकत जायचं. शत्रू नद्यांच्या अलीकडे संपला नाही आणि हिशेब कोलमडला. डिसेंबर 1941 मध्ये हिटलरनं भूदलाचं सरसेनापतिपद स्वतःकडे घेतलं, 1942 च्या सप्टेंबरात जनरल स्टाफचे प्रमुख हाल्डर गेले, झाइट्झलर आले. हॉयझिंगर मात्र त्याच खुर्चीत राहिले, जुलै 1944 पर्यंत. हे मला त्यांच्या कारकिर्दीतलं सगळ्यात बोलकं वाटतं.

त्यातच 1942 पासून आघाडीमागच्या बंडखोरांविरुद्धच्या मोहिमेचं कामही याच विभागाकडे आलं. गावं जाळणं, ओलिसांना गोळ्या घालणं, हे सगळं त्या मोहिमेच्या नावाखाली चाललं. युद्धानंतर स्वतः हॉयझिंगर यांनी न्युरेंबर्गच्या युद्धगुन्हे खटल्यासाठी दिलेल्या प्रतिज्ञापत्रात म्हटलं, की स्लाव्ह आणि ज्यू लोकांची संख्या पद्धतशीर घटवायला वरच्या नेतृत्वाला ही आयती संधी मिळाली. माहीत होतं, तरी काम चालू होतं. ‘आम्ही फक्त नकाशे पाहायचो’ हा बचाव इथं टिकत नाही.

20 जुलै 1944. झाइट्झलर आजारी, म्हणून पूर्व आघाडीचा आढावा हॉयझिंगर देत होते, हिटलरच्या अगदी शेजारी उभे राहून. हिटलरला मारायच्या कटातल्या कर्नल श्टाउफनबर्गनं टेबलाखाली बॅग ठेवली होती. त्याच्याकडे सुमारे एकेक किलोचे दोन स्फोटक गठ्ठे होते. वातीतली आम्लाची कुपी चिमट्यानं दाबून फोडायची, आम्ल तार खात जातं आणि तार तुटली की स्फोट. पण त्याला एकच हात आणि त्याला तीनच बोटं, त्यात दारात कुणी तरी घाई करायला आलं. एकच गठ्ठा तयार झाला आणि दुसरा त्यानं बाहेरच ठेवला. तो वात न लावता नुसता बॅगेत टाकला असता तरी पहिल्याबरोबर उडाला असता. शिवाय बॅग टेबलाच्या जाड लाकडी पायाच्या पलीकडे सरकवली गेली, हॉयझिंगर यांचे सहायक कर्नल ब्रांट यांनी सरकवली असं सांगितलं जातं. बराकीच्या खिडक्याही उघड्या होत्या, त्यामुळे दाब बाहेर गेला. ब्रांटसह चौघे दगावले, हॉयझिंगर जखमी झाले, हिटलर वाचला. तीन दिवसांनी गेस्टापोनं, म्हणजे हिटलरच्या गुप्त पोलिसांनी, हॉयझिंगर यांना पकडलं. कटाची त्यांना कुणकुण होती, पण कटात भाग घेतल्याचं सिद्ध झालं नाही, आणि ऑक्टोबरात ते सुटले.

युद्धानंतर अमेरिकनांची नजरकैद, मग 1948 पासून माजी जर्मन जनरल गेलेन यांच्या गुप्तवार्ता संघटनेत विश्लेषणाचं काम. ऑक्टोबर 1950 मध्ये आयफेलच्या डोंगराळ भागातल्या हिमेरोड मठात 15 माजी अधिकारी गुपचूप जमले. त्यांच्या मसुद्यात 12 डिव्हिजन आणि अडीच लाख सैनिक यांचा आराखडा होता, आणि सोबत एक अटही: जर्मन सैनिकाची बदनामी थांबवा. जानेवारी 1951 मध्ये नाटोचे सरसेनापती आयझेनहॉवर यांनी तसं निवेदन दिलंही. राजकारणाला सैन्य हवं होतं, त्यामुळे चौकशीचे दरवाजे लोटले गेले.

तरी नव्या सैन्याची रचना मात्र जुनी राहिली नाही. 12 नोव्हेंबर 1955 ला बॉनमध्ये पहिल्या 101 जणांना नेमणूकपत्रं मिळाली, त्यात हॉयझिंगर आणि दुसरे माजी जनरल श्पायडेल हे लेफ्टनंट जनरल होते. कर्नल आणि त्याहून वरच्या हुद्द्यांसाठी 38 सदस्यांची छाननी समिती होती. शांतताकाळात सैन्याची आज्ञासत्ता संरक्षणमंत्र्याकडे, देशावर हल्ला होऊन ‘संरक्षणाची स्थिती’ जाहीर झाली की चान्सलरकडे. जो हुकूम पाळल्यानं गुन्हा घडेल तो सैनिकानं पाळायचाच नाही, हे 1956 च्या कायद्यात लिहिलं गेलं. 1 जून 1957 ला हॉयझिंगर पहिले महानिरीक्षक झाले. हे पद मंत्र्याच्या लष्करी सल्लागाराचं, जुन्या जनरल स्टाफचा रुबाब त्यात नव्हता.

आणि दोनच दिवसांनी, 3 जूनला, केम्प्टनजवळ इलर नदी पायी ओलांडताना 15 नवभरती सैनिक बुडाले. हुकूम एका बिगर-कमिशन्ड कनिष्ठ अधिकाऱ्याचा, म्हणजे हवालदार दर्जाच्या माणसाचा, होता. सैन्य घाईनं वाढवलं जात होतं, बराकी अपुऱ्या, मुरलेले कनिष्ठ अधिकारी त्याहून अपुरे. आधी जाहीर केलेला तीन वर्षांत 5 लाखांचा आकडा संरक्षणमंत्री श्ट्राउस यांनी तोवर खाली आणलाच होता. बारावं डिव्हिजन नाटोकडे सोपवायला 1965 उजाडलं.

20 जुलै 1959 रोजी हॉयझिंगर यांनी दैनिक हुकूम काढून कटातल्या अधिकाऱ्यांचा गौरव केला. तेव्हा बरेच माजी सैनिक त्या अधिकाऱ्यांना हिटलरला दिलेली शपथ मोडणारे म्हणत, म्हणून या हुकुमाचं वजन मोठं.

1961 ते 1964 ते वॉशिंग्टनमध्ये नाटोच्या लष्करी समितीचे अध्यक्ष होते. डिसेंबर 1961 मध्ये सोव्हिएत सरकारनं युद्धगुन्हेगार म्हणून त्यांना हवाली करण्याची मागणी अमेरिकेकडे केली. शीतयुद्धाच्या त्या काळात ती नाकारली जाणार हे उघड होतं, आणि तशी ती नाकारली गेली. मागणीमागे प्रचार होता हे खरं, पण 1942 ते 44 मधल्या त्या विभागाच्या कामाचा खटला कुठल्याही न्यायालयात उभा राहिला नाही, हेही तितकंच खरं. हॉयझिंगर 30 नोव्हेंबर 1982 रोजी कोलोनमध्ये वारले.

नमस्कार.